नऊ केंद्रं आणि एक स्थगिती: वेस्ट व्हर्जिनियातल्या मेथाडोन परवान्यांचं प्रकरण

वेस्ट व्हर्जिनिया हे अमेरिकेच्या अ‍ॅपलाचियन डोंगररांगांमधलं कोळशाचं राज्य. लोकसंख्या सुमारे 18 लाख, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी. 2021 साली तिथे दर लाख लोकांमागे 90.9 जण ड्रग्जच्या ओव्हरडोसने मेले. त्या वर्षी अख्ख्या देशाचा आकडा होता 32.4. ओव्हरडोसच्या मृत्यूदरात हे राज्य वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर होतं.

याच राज्याच्या कायद्यात मेथाडोनबद्दल, म्हणजे हेरॉइनसारख्या नशेच्या व्यसनावरच्या औषधाबद्दल, एक कलम आहे. 1 मार्च 2007 रोजी ज्याच्याकडे परवाना नव्हता, अशा कुठल्याही नव्या मेथाडोन केंद्राला परवाना द्यायचा नाही. ही स्थगिती कधीपर्यंत? तर राज्याला आणखी केंद्रांची गरज आहे असं विधिमंडळ ठरवेपर्यंत. तेव्हा राज्यात नऊ केंद्रं होती आणि काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग, 55. पुढच्या काळात वेदनाशामक गोळ्यांची लाट आली, मग हेरॉइनची, मग त्याहून कितीतरी जहाल अशा फेन्टॅनिलची. केंद्रं नऊच राहिली.

हे प्रकरण मला अभ्यासावंसं वाटलं, कारण यात ठरवून वाईट वागलेला कोणी सापडत नाही. 2007 च्या आमदारांसमोर खरी अडचण होती आणि त्यांनी काहीतरी केलंही. फक्त हात घातला तो चुकीच्या ठिकाणी, आणि हात मागे कधी घ्यायचा हे लिहून ठेवलं नाही.

आधी औषधाबद्दल

व्यसनमुक्ती म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुण्याचं मुक्तांगण येतं. ते 1986 मध्ये सुरू झालं, गर्दच्या साथीच्या दिवसांत. काही आठवडे घरापासून लांब राहायचं, शरीरातली नशा उतरवायची, गटात बोलायचं, मग बाहेर पडून एकेक दिवस निभवायचा. या वाटेने बरे झालेले लोक आपल्या ओळखीत असतात. पण अफूच्या जातीच्या पदार्थांना, म्हणजे हेरॉइन, गर्द, ऑक्सिकोडोनच्या गोळ्या यांना, एक जीवघेणी बाजू आहे. नशा सुटली की शरीराची सहनशक्ती भराभर उतरते. महिनाभर कोरडा राहिलेला माणूस पुन्हा घसरला आणि त्याने सवयीने जुनाच डोस घेतला, तर श्वास बंद पडतो. म्हणून या व्यसनात उपचारानंतरचा काळ उपचाराआधीच्या काळापेक्षा जास्त धोक्याचा ठरू शकतो.

मेथाडोनचा तर्क इथून सुरू होतो. मेंदूतल्या ज्या जागांवर हेरॉइन काम करतं, तिथेच हे औषध बसतं, पण सावकाश आणि लांबवर. नीट जुळवलेला एक डोस दिवसभर पुरतो. मुंबईतले गर्दुल्ले जिला टर्की म्हणतात ती अंगदुखी, उलट्या, थरथर होत नाही, आणि डोस स्थिरावल्यावर नशाही चढत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो. 1960 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी निसवँडर यांनी ही पद्धत उभी केली. ‘एक नशा सोडून दुसरी धरली’ हा आक्षेप तेव्हापासूनचा आहे. त्याला आकडे काय म्हणतात? वेगवेगळ्या देशांतले अभ्यास एकत्र करून 2017 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक विश्लेषण आलं. मेथाडोनवर असलेल्या हजार माणसांमागे वर्षाला सुमारे 11 मृत्यू, आणि उपचार सुटलेल्यांमध्ये सुमारे 36. वैद्यकात एवढा मोठा फरक सहज दिसत नाही.

पण हे औषध द्यायची रीत पाहिली, तर परवान्याचा प्रश्न इतका जिव्हाळ्याचा का, हे कळतं. अमेरिकेत व्यसनासाठीचं मेथाडोन औषधाच्या दुकानात मिळत नाही. डॉक्टर त्याचं प्रिस्क्रिप्शन लिहूच शकत नाही. ते मिळतं फक्त परवानाधारक केंद्रात. पहाटे पाच-साडेपाचला केंद्र उघडतं, कारण रुग्णांना पुढे कामाच्या पाळ्या असतात. खिडकीशी रांग लागते. ओळख पटली की आत नर्स त्या माणसाचा ठरलेला डोस, बहुतेक ठिकाणी लाल रंगाचं पातळ औषध, मोजून प्लास्टिकच्या पेल्यात देते. तिच्यासमोर प्यायचं. पेल्यात पाणी घालून तेही प्यायचं. मग दोन शब्द बोलायचे, म्हणजे औषध तोंडात धरून ठेवलं नाही ना, हे दिसतं. उद्या पुन्हा.

जुन्या केंद्रीय नियमांनुसार पहिले तीन महिने आठवड्याला एकच डोस घरी नेता यायचा, शिवाय केंद्र बंद असेल त्या दिवसाचा. मग तीन-तीन महिन्यांनी एकेक डोस वाढायचा. वर्षभर सगळं सुरळीत असेल तर दोन आठवड्यांचं औषध, आणि दोन वर्षांनी महिन्याचं. थोडक्यात, नव्या रुग्णाला आठवड्यातले सहा दिवस केंद्र गाठायचं असायचं. केंद्र गावात असेल तर ही कटकट, आणि तीन डोंगर पलीकडे असेल तर नोकरीच सुटते.

कुलूप एक, किल्ल्या अनेक

केंद्र उघडायला केंद्र सरकारच्या व्यसनविषयक विभागाचं प्रमाणपत्र लागतं, त्याआधी एका मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी लागते, अमली पदार्थांवर देखरेख ठेवणाऱ्या डीईएकडे नोंदणी लागते, आणि राज्याचा परवाना लागतो. राज्याने हात वर केले की बाकीचे कागद वाया. केंद्र सरकारचे नियम ही किमान पायरी असते. राज्य त्याहून कडक होऊ शकतं.

यात एक विचित्र फट होती. हेच मेथाडोन दुखण्यासाठी लिहून द्यायला कुठल्याही साध्या डॉक्टरला मुभा होती. पाठदुखीच्या रुग्णाने गोळ्यांची बाटली दुकानातून घेऊन जायची, आणि व्यसनाच्या रुग्णाने त्याच रेणूसाठी खिडकीत उभं राहायचं. 2000 नंतर दुखण्यासाठी मेथाडोन लिहिणं झपाट्याने वाढलं. ते स्वस्त होतं. पण त्याचा दुखणं थांबवण्याचा परिणाम काही तासांत ओसरतो आणि औषध मात्र शरीरात दिवसेंदिवस साचत राहतं. दुखतंय म्हणून माणूस आणखी एक गोळी घेतो आणि झोपेत जातो. देशभर मेथाडोनने होणारे मृत्यू वाढत गेले.

2003 मध्येच केंद्र सरकारने बोलावलेल्या तज्ज्ञांनी या मृत्यूंचा माग काढला होता. त्यांचा निष्कर्ष असा की वाढीचं मुख्य मूळ व्यसनोपचार केंद्रांत नाही. दुखण्यासाठी लिहिलेल्या गोळ्या बाजारात फिरतायत, तिथे ते आहे. नोव्हेंबर 2006 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दुखण्यासाठी मेथाडोन लिहिण्याबद्दल डॉक्टरांना जाहीर इशारा दिला. 1 जानेवारी 2008 पासून 40 मिलिग्रॅमच्या मोठ्या गोळ्या साध्या औषध दुकानांना देणं उत्पादकांनी बंद केलं. त्या फक्त रुग्णालयांना आणि व्यसनोपचार केंद्रांना मिळू लागल्या. हा नेमका उपाय होता, कारण तो फटीवर होता. केंद्रांना गोळ्या मिळत राहिल्या, हे लक्षात घ्या.

वेस्ट व्हर्जिनियाचा उपाय नेमका उलटा पडला.

2007

या सहस्रकाच्या सुरुवातीच्या वर्षांत तिथे एकामागून एक खासगी, नफ्यावर चालणारी मेथाडोन केंद्रं उघडली. लोकांना ती आवडली नाहीत, आणि त्यामागे निव्वळ पूर्वग्रह होता असंही नाही. पहाटे शेजारच्या काउंट्यांतून, शेजारच्या राज्यांतून गाड्या येतात. पैसे रोख घेतले जातात. समुपदेशन किती होतं याची शंका असते. त्यातच वर्तमानपत्रात ‘मेथाडोनने मृत्यू’ असे मथळे. आमदाराने काय समजावं? मेथाडोन म्हणजे ती केंद्रं, आणि केंद्रं वाढली म्हणून मृत्यू वाढले. हा हिशेब सरळ दिसतो आणि चुकतो.

त्या राज्याचीच आकडेवारी पुढच्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये आली. 2006 मध्ये औषधांच्या ओव्हरडोसने अपघाती मेलेल्या 295 जणांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या. 63 टक्के मृत्यूंमध्ये औषध मेलेल्या माणसाच्या नावावर लिहिलेलंच नव्हतं, ते दुसऱ्या कुणाचं तरी वळवलेलं होतं. साधारण पाचातल्या एकाने वर्षभरात अनेक डॉक्टरांकडून गोळ्या जमवल्या होत्या. म्हणजे गळती डॉक्टरांच्या वहीत आणि घराघरांतल्या औषधाच्या कपाटात होती. स्थगितीचा कायदा तोवर होऊन गेला होता.

आता त्या कलमाची रचना बघू, कारण माझ्या मते खरा घोटाळा तिथे आहे. ‘दोन वर्षं थांबू आणि नियम कडक करू’ असं म्हटलं असतं तर त्यात तक्रार करण्यासारखं फार नव्हतं. पण मुदत घातली नाही. गरज ठरवायचं काम आरोग्य खात्याला न देता विधिमंडळाने स्वतःकडे ठेवलं. आणि गरज कशी मोजायची, प्रतीक्षायादीवरून, मृत्यूंवरून की अंतरावरून, हे त्या वाक्यात कुठेच नाही. वेस्ट व्हर्जिनियाचं विधिमंडळ वर्षातून एकदा 60 दिवसांच्या नियमित अधिवेशनासाठी बसतं. त्या 60 दिवसांत कुणीतरी उठून ‘माझ्या राज्यात आणखी मेथाडोन केंद्रं हवीत’ असं म्हणायचं आणि पुढच्या निवडणुकीत त्याचं उत्तर द्यायचं. कोण म्हणेल? स्थगिती चालू ठेवायला मतदान लागत नाही, उठवायला लागतं. काही न करणं हाच इथे निर्णय झाला.

वर दुसरी कडीही आहे. नवी आरोग्यसेवा सुरू करायची तर तिथे राज्याकडून ‘गरज प्रमाणपत्र’ घ्यावं लागतं. त्या कायद्यातही ज्या सेवांना असं प्रमाणपत्र देता येणार नाही त्यांच्या यादीत मेथाडोन केंद्र बसवलेलं आहे.

त्याच सहा वर्षांत

2007 ते 2012 या काळात राज्यात काय येत होतं, ते चार्ल्सटनच्या गॅझेट-मेल या वर्तमानपत्राने 2016 मध्ये बाहेर काढलं. या कामाला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. सहा वर्षांत घाऊक वितरकांनी राज्यात हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोन या अफूच्या जातीच्या वेदनाशामकांच्या 78 कोटी गोळ्या पाठवल्या. तान्ह्या बाळासकट दर डोई 433. या दोन औषधांच्या ओव्हरडोसने त्याच काळात 1,728 माणसं गेली. मिंगो काउंटीतलं कर्मिट हे गाव, वस्ती 392. तिथल्या एका औषध दुकानात दोन वर्षांत जवळजवळ 90 लाख हायड्रोकोडोन गोळ्या उतरल्या.

त्याच काउंटीत विल्यमसन नावाचं तीनेक हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या दोन औषध दुकानांना 2006 ते 2016 या काळात 2 कोटी 8 लाख गोळ्या मिळाल्याचं अमेरिकी काँग्रेसच्या समितीने नोंदवलं. विल्यमसनमध्ये एक मेथाडोन केंद्रही आहे, नवांपैकी एक. या एका गावात दोन्ही गोष्टी समोरासमोर दिसतात. गोळ्यांना दार सताड उघडं होतं. त्या गोळ्यांत अडकलेल्यांच्या उपचाराचं मात्र दुसरं दार उघडायला बंदी होती.

गोळ्यांच्या दुकानदारीवर राज्याने 2012 मध्ये हात टाकला. वेदना-दवाखान्यांना, म्हणजे दुखण्यासाठी अशा गोळ्या लिहून देणाऱ्या दवाखान्यांना, परवाना सक्तीचा केला, आणि ते बरंच झालं. पण ज्यांना सवय लागली होती त्यांची सवय परवान्याने सुटत नसते. गोळी महाग झाली तशी माणसं हेरॉइनकडे वळली, आणि हेरॉइनमध्ये फेन्टॅनिल मिसळू लागलं. पुरवठा आवळताना उपचार वाढवायला हवा होता, ही साधी गोष्ट. पुरवठ्याचा कायदा आला, स्थगितीचं वाक्य जागेवर राहिलं.

हंटिंग्टन, 15 ऑगस्ट 2016

ओहायो नदीकाठचं हंटिंग्टन, वस्ती तेव्हा 50 हजारांच्या आत. त्या सोमवारी दुपारी तीननंतर अ‍ॅम्ब्युलन्सचे फोन वाजायला लागले आणि रात्री आठपर्यंत थांबेनात. काही तासांत दोन डझनांहून जास्त ओव्हरडोस. हेरॉइनमध्ये कारफेन्टॅनिल होतं, जे मुळात हत्तीसारख्या मोठ्या जनावरांना भूल देण्यासाठी वापरतात. अ‍ॅम्ब्युलन्सवाल्यांनी नालॉक्सोन, म्हणजे ओव्हरडोसवरचा उतारा, देऊन बहुतेकांना परत आणलं. जगभर ही बातमी एका शहराच्या शौर्याची म्हणून गेली, आणि ते शौर्य होतंच.

नंतर सार्वजनिक आरोग्य विभागाने चौकशी केली. 53 तासांतल्या 20 प्रकरणांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. 18 जण वाचले होते. रुग्णालयातून निघताना या 18 पैकी एकालाही व्यसनोपचाराकडे पाठवल्याची नोंद सापडली नाही. हंटिंग्टनमध्ये मेथाडोन केंद्र आहे, तेही नवांपैकीच. तेव्हा इथे अंतराचा दोष देता येत नाही. उपचार ही रुग्णालयाच्या वाटेतली नेहमीची पायरीच झाली नव्हती. केंद्रं मूठभर असली, ती गावाच्या नजरेत लाजिरवाणी असली, आणि कायदाच त्यांच्याकडे उपद्रव म्हणून पाहत असला, की आपत्कालीन विभागातल्या डॉक्टरला तिकडे फोन करायची सवय लागत नाही. हा माझा अंदाज आहे, चौकशीचा निष्कर्ष नव्हे. शहराने त्यानंतर बरंच केलं. 2018 मध्ये तिथे रुग्णाला एकाच जागी तपासून योग्य उपचाराला लावणारं संयुक्त केंद्र उभं राहिलं.

2016 चा कायदा: काय धरलं, काय सोडलं

त्याच वर्षी विधिमंडळाने औषध-आधारित उपचारांसाठी सलग परवाना कायदा केला. मेथाडोन केंद्रांना परवाना, आणि डॉक्टरांच्या दवाखान्यात ब्युप्रेनॉर्फिन हे याच व्यसनावरचं दुसरं औषध देणाऱ्यांना राज्याची नोंदणी. या कायद्याला सरसकट नावं ठेवण्यात अर्थ नाही. नवे रुग्ण आणून देणाऱ्याला बक्षीस देता येणार नाही, हे कलम उत्तम. नफ्याच्या धंद्यात दलाली शिरली की रुग्ण हा माल होतो. वेदना-दवाखाना आणि व्यसनोपचार एकाच जागेत नको, हेही पटतं, नाहीतर एका हाताने सवय लावायची आणि दुसऱ्या हाताने सोडवायचे पैसे घ्यायचे. राज्याच्या प्रिस्क्रिप्शन-नोंदींमध्ये रुग्णाचं नाव तपासणं, जबाबदार वैद्यकीय संचालक असणं, ही सगळी रुग्णाला वाचवणारी कलमं आहेत.

मग येतं अंतराचं कलम. शाळा किंवा पाळणाघरापासून अर्ध्या मैलाच्या आत केंद्र नको. जुन्यांना अटींवर सूट. आपल्याकडे शाळेपासून 100 यार्डांत तंबाखू विकायला बंदी आहे. तिथे औषधाला साधारण 800 मीटर. अ‍ॅपलाचियन गावं कशी वसलेली असतात ते नकाशावर पाहा. दोन डोंगर, मधे नदी, नदीकाठी एक रस्ता आणि एक रेल्वेरूळ, आणि त्या चिंचोळ्या पट्ट्यात शाळा, चर्च, दवाखाना, दुकानं. अर्ध्या मैलाचं वर्तुळ काढलं की गाव संपतं. हे कलम कुठल्याच रुग्णाला सुरक्षित करत नाही, ते शेजाऱ्यांना दिलासा देतं.

ब्युप्रेनॉर्फिनची गोष्ट अशीच दुहेरी. हे औषध मेथाडोनपेक्षा सुरक्षित, कारण एका मर्यादेपुढे त्याचा परिणाम वाढत नाही. 2000 च्या केंद्रीय कायद्याने डॉक्टरांना ते दवाखान्यातून लिहायची मुभा दिली, पण आधी प्रशिक्षण घ्या, खास परवानगी घ्या आणि 30 रुग्णांवर थांबा. ही मर्यादा पुढे 100 आणि 2016 मध्ये 275 झाली. 29 डिसेंबर 2022 ला ही खास परवानगीच रद्द झाली. पण वेस्ट व्हर्जिनियाने आपल्या कायद्यात स्वतःची 30 ची रेघ ओढली होती. तेवढे किंवा त्याहून कमी रुग्ण असतील तर तसं लिहून देऊन नोंदणीतून सूट, वर गेलात तर नोंदणी आणि तिच्यासोबतचा सगळा कारभार. केंद्र सरकारने आपला अडसर काढला म्हणून राज्याची रेघ आपोआप पुसली जात नाही. गावातला एकटा डॉक्टर विसाव्या-पंचविसाव्या रुग्णालाच हिशेब करायला लागला, तर त्याला दोष देता येणार नाही.

स्थगितीने कुणाचं फावलं

स्थगितीची बाजू घेणारे एक मुद्दा मांडतात आणि तो खोटा नाही. बंधन दारांच्या संख्येवर आहे, रुग्णांच्या नाही. आहेत ती केंद्रं मोठी होऊ शकतात. पण असं मोठं होणं जुन्या परवानाधारकांच्याच हातात राहतं. नफेखोर केंद्रांना आळा घालायला म्हणून आणलेल्या कायद्याने त्यांच्या दारात नवा स्पर्धक येणार नाही याची हमी दिली. रुग्णाला वागणूक आवडली नाही, वेळ जमली नाही, तर दुसरीकडे जायला दुसरीकडे काही नाही. विद्यापीठाचं रुग्णालय, काउंटीचं आरोग्य केंद्र, ना-नफा संस्था यांपैकी कुणाला चांगलं केंद्र चालवून दाखवायचं असेल तर त्यांनाही तीच बंदी. राज्याच्या मेडिकेड या गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविमा योजनेने मेथाडोनचे पैसे द्यायला सुरुवात केली ती थेट जानेवारी 2018 मध्ये. तोवर गरीब रुग्णाने रोज किंवा आठवड्याला खिशातून मोजायचे. रोख धंदा नको म्हणणाऱ्यांनी रोखीला पर्याय द्यायला अकरा वर्षं घेतली.

अंतराचं मोजमापही झालेलं आहे. ओव्हरडोसचे मृत्यू सर्वाधिक असलेल्या पाच राज्यांतल्या काउंट्या घेऊन, वेस्ट व्हर्जिनिया त्यांतलं एक, 2019 मध्ये अभ्यास झाला. मेथाडोन केंद्र गाठायला गाडीने सरासरी 37 मिनिटं, साध्या सरकारी मदतीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला 16. एका बाजूचा हा वेळ, आणि सरासरी. मॅकडॉवेल ही एकेकाळची श्रीमंत कोळसा-काउंटी आता राज्यातल्या सर्वांत गरीब आणि ओव्हरडोसने सर्वाधिक पोळलेल्या काउंट्यांमध्ये मोडते. तिथल्या वेल्च गावातून बेकलीचं केंद्र गाठायचं तर वळणावळणाच्या डोंगरी रस्त्याने तासाभराहून जास्त, हिवाळ्यात बर्फ असेल तर देवाला ठाऊक. जुन्या नियमांत आठवड्यातून सहा दिवस.

दुसऱ्यांनी काय केलं

व्हरमाँटही डोंगराळ, ग्रामीण आणि मेथाडोनबद्दल एकेकाळी तितकंच नाखूश. तिथलं पहिलं केंद्र 2002 मध्ये बर्लिंग्टनला उघडलं. पण पुढे त्या राज्याने केंद्रं आणि गावचे डॉक्टर यांची साखळी जोडली. अवघड रुग्ण केंद्रात, स्थिरावलेले गावातल्या दवाखान्यात ब्युप्रेनॉर्फिनवर, आणि डॉक्टरच्या मदतीला नर्स व समुपदेशक सरकारी खर्चाने. 2014 मध्ये तिथल्या गव्हर्नरांनी वर्षाचं धोरणभाषण जवळपास पूर्ण याच विषयाला दिलं. इंडियानानेही 2008 मध्ये नव्या केंद्रांवर बंदी घातली होती. 2015 मध्ये तिथल्या स्कॉट काउंटीत सुयांमधून एचआयव्हीची साथ पसरली, दोनशेहून अधिक माणसं बाधित झाली, आणि त्याच वर्षी कायदा बदलून पाच नव्या केंद्रांना वाट दिली गेली. स्थगिती उठू शकते. तिथे ती उठायला एवढी साथ लागली, ही गोष्ट वेगळी.

आपण यावर नाक मुरडू नये. अमली पदार्थांवरच्या 1985 च्या एनडीपीएस कायद्यानंतर कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन मिळवून देण्यासाठी आपल्या रुग्णालयांना राज्याराज्यांचे वेगवेगळे परवाने एकाच वेळी जिवंत ठेवावे लागत. एकाची मुदत संपली की साठा अडकला. 2014 च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक अमली औषधं’ हा गट करून तो गुंता केंद्र सरकारच्या एकसारख्या नियमाखाली आणला. त्या गटात मॉर्फिनबरोबर मेथाडोनही आहे.

परवाना हवाच, पण कसा

अमेरिकेच्या केंद्र सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये मेथाडोनचे नियम बऱ्याच वर्षांनी मुळापासून बदलले. पहिल्या दोन आठवड्यांतच सात दिवसांपर्यंतचं औषध घरी नेता येतं, पंधराव्या दिवसापासून चौदा, महिन्यानंतर अठ्ठावीस. व्यसन वर्षभर जुनं असल्याचा पुरावा मागणं बंद. कोविडमध्ये दिलेली ढील महागात पडली नाही, त्यावरून हे धाडस आलं. औषध घेऊन फिरणारी गाडीही 2021 पासून परवानाधारक केंद्राला वेगळ्या डीईए नोंदणीशिवाय चालवता येते, राज्याची हरकत नसेल तर. शेवटची अट पाहा. प्रत्येक सवलतीच्या शेपटीला ती आहे.

मी वेस्ट व्हर्जिनियाच्या आमदाराच्या जागी असतो तर परवान्याचा कायदा रद्द करा असं म्हटलं नसतं. दलालीबंदी, वैद्यकीय संचालक, अचानक तपासणी हे सगळं राहू दे, हवं तर आणखी कडक करा. स्थगितीचं वाक्य तेवढं काढायचं. ते काढायचं धाडस नसेल तर गरज ठरवायचं काम आरोग्य खात्याला द्यायचं, दर दोन वर्षांनी अंतर आणि मृत्यू यांच्या आकड्यांवरून, आणि खात्याचा अहवाल आला की परवाना खुला. म्हणजे आमदाराला मेथाडोनच्या बाजूने हात वर करावा लागणार नाही. अर्ध्या मैलाचं कलम तर वेगळ्या चर्चेशिवायही काढता येईल.

आणि तोवर? केंद्रीय नियमानुसार रुग्णालयातला डॉक्टर टर्कीत तळमळणाऱ्या रुग्णाला, पुढची सोय होईपर्यंत, तीन दिवसांचं मेथाडोन देऊ शकतो. पूर्वी त्यासाठी रुग्णाने तीन दिवस रोज यायचं, 2023 च्या दुरुस्तीनंतर तिन्ही दिवसांचं औषध एकदम हातात देता येतं. वेल्चमधल्या एखाद्या डॉक्टरने आज ते दिलं, तर चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या रुग्णाला बेकलीला पोहोचावं लागतं, आणि पाचव्या दिवशीही.